आव्याचा पोटनियम

रखमाजी कुंभार तसा शहाणा माणूस, पण अमावास्येपुढे त्याचे शहाणपण टिकत नसे. अमावास्येला आवा पेटवायचा नाही, हा त्याच्या पणज्यापासूनचा नेम. त्या साली, म्हणजे शके अठराशे एकोणतीसच्या कार्तिकात, जोश्याने सांगितले की अमावास्या दिवेलागणीला लागते आहे. आवा तर रचून तयार होता. खाली गोवऱ्या, मग भुसा, मग मडकी, वर वीसेक माठ आणि सगळ्यांवर पाचट आणि राख. रखमाजीने सूर्याकडे पाहिले आणि भर दुपारी चूड पेटवून घेतली.

"आवं, दुपारचा वारा नदीकडनं गावात येतो," साळुबाई म्हणाली. "आपुन कवा लावलाय का दुपारी? दिस कलला म्हंजी डोंगराचा वारा सुटतो, धूर नदीवर जातो. समदा जलम असंच केलं न्हवं?"

"अन् दिस कलल्यावर अमुशा लागंल, त्याचं काय?"

"मग ती सरल्यावर लावा."

"परवा आळ्याचा बाजार हाय. कच्ची मडकी न्हेऊ का बाजारात?"

नवऱ्याशी वाद घालून जिंकता येते हे साळुबाईला ठाऊक होते, पण अमावास्येशी कोण वाद घालणार?

कसबा कुकडीच्या काठावर होता. कुंभारवाडा नदीला लागून, आणि त्याच्या पाठीला गाव. पूर्वी आवा आणि गाव यांच्यामध्ये नुसती बाभळीची रांग होती. दोन वर्षांखाली दलीचंद कापडवाल्याने तिथे दुमजली घर बांधले, आव्यापासून साठ पावलांवर. त्या दिवशी त्या घराच्या गच्चीवर धोतरे अंथरून पापड वाळत घातले होते. माघात दलीचंदच्या मुलीचे, गुलाबचे लग्न, त्या लग्नाचे पापड. चार बायका तीन दिवस लाटत होत्या.

आव्याने पेट घेतला तसा पाचटाचा पिवळा धूर उठला, जरा वेळ जागच्या जागी घोटाळला आणि सरळ गच्चीवर जाऊन बसला. धुरामागून राख. घटकाभरात पापडांवर अशी राख पडली की पापड कुठला आणि धोतर कुठले, कळेना.

गच्चीच्या कठड्यावर दलीचंदची म्हातारी आई, धापूबाई, उभी राहिली.

"साळू! अगं साळू! माझे पापड!"

साळुबाईला तोंड वर करवेना. रखमाजी मात्र पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "बाई, त्यो धूर आमचा न्हाई! कुनाच्या तरी चुलीचा असंल!"

त्याच्या पाठीमागे आवा इतका धुमसत होता की बोलणाऱ्याचे तोंडही धड दिसत नव्हते. धापूबाईने कपाळावर हात मारला आणि ती खाली उतरली.

दलीचंद वाईट माणूस नव्हता. दुकानात मापात खोट करत नसे, कुंभारवाड्यातल्या बायांना लुगड्याचा वार बोटभर जास्तच देई. पण लग्नघरच्या पापडावर राख म्हणजे अपशकुन, आणि वर ‘चुलीचा धूर’ हे ऐकून घ्यायचे म्हणजे फारच झाले. तो म्युनिसिपालिटीचा मेंबर होता. पुढल्या सभेत त्याने विषय काढला. सभेला ओव्हरशियर हजर होता. हा गृहस्थ पुण्याहून बदलून आलेला, आणि सगळे जग साखळीने मोजले की नीट होते, अशी त्याची खात्री होती. त्याने दोन दिवसांत मसुदा तयार केला.

मसुद्याची बातमी सावळारामने आणली. सावळाराम म्युनिसिपालिटीचा शिपाई. दवंडी तोच पिटायचा, कागद तोच चिकटवायचा. तो कुंभारवाड्यात आला तेव्हा रखमाजी चाकावर होता आणि धाकटा भाऊ चिमाजी माती तुडवत होता. गुडघ्यापर्यंत माती आणि लीद, आणि थंडीने पोटऱ्या निळ्या पडलेल्या.

"रखमाजीभाऊ, तुमच्यावर पोटनियम आलाय," सावळाराम म्हणाला.

"आमच्यावर? काय म्हंतो त्यो?"

"वस्तीपासनं तीनशे वारांच्या आत कुनी आवा पेटवायचा न्हाई. पेटवला तर दंड. कचेरीच्या दारावर कागद लावलाय मी आत्ताच."

चाक फिरत होते, पण रखमाजीचे हात मडक्यावरून सुटले. मडके वाकडे होऊन बसले.

"झाला का नियम?"

"अजून न्हाई. आत्ता नुसता मसुदा. तीस दिस कुनाची हरकत असंल तर ती लेखी द्यायची. मंग सभेत वाचायची, मेंबरांनी हात वर करायचं, मंग कागद पुन्याला मंजुरीला. तिकडनं आला म्हंजी नियम."

"म्हंजी तीस दिसांनी आमची चूल इझली म्हना," चिमाजी म्हणाला.

"आरं, हरकत द्या की!"

तीनशे वार म्हणजे किती, हे कुणालाच नीट कळले नव्हते. दुसऱ्या दिवशी चिमाजीने पावले मोजली. नदीकडे ऐंशी पावलांवर पाणी लागले. डाव्या हाताला देवस्थानची बाग. राहिला तो एकच माळ, गावाबाहेर, मुरमाचा, चढावर. माती नदीच्या गाळाची, पाणी नदीचे, चाक घरात, आणि आवा माळावर!

"न्हेऊन तर बघू," साळुबाई म्हणाली. "उगाच आधीच बोंब नगं."

वाळलेली वीस कच्ची मडकी त्यांनी गाढवांवर लादली. खाली गवत, मध्ये गवत, वर गोधडी. साळुबाईने दोन डोक्यावर घेतली. कच्चे मडके म्हणजे नुसती वाळलेली माती. त्याला बोटाची टिचकी सोसत नाही, गाढवाची चाल काय सोसणार? चिमाजी गाढवाच्या कानाशी बोलत बोलत चालला होता, जसे काही गाढवाला समजावले की ते पाय अलगद टाकील. चढाला पहिला आवाज आला. मग दुसरा. रखमाजी प्रत्येक आवाजाला थांबे आणि गोधडी उचलून बघे.

"नगा बघू," साळुबाई म्हणाली. "बघून सांदत न्हाई त्ये."

माळावर उतरवले तेव्हा गाढवांवरची पाच मडकी धड होती आणि साळुबाईच्या डोक्यावरची दोन. बाकीची खापरे रखमाजीने तिथेच ओतली. बराच वेळ तो त्या खापरांशेजारी उकिडवा बसून राहिला. वाटेने जाणाऱ्या एका गुराख्याने विचारले, "कुंभारदादा, इथं खापराचं पीक घ्येताय का काय?" रखमाजीला रागसुद्धा आला नाही.

हरकत द्यायची ठरली. कुळकर्णी कामासाठी कसब्यात आला होता, त्याच्याकडून रखमाजीने अर्ज लिहून घेतला. त्यात लिहिले की त्या दिवशीचा धूर अर्जदाराच्या आव्याचा नव्हताच, कुणा इसमाच्या चुलीचा होता, सबब नियम रद्द व्हावा. साळुबाई शेजारी उभी होती.

"ह्ये नगा लिवू," ती हळूच म्हणाली.

"तू गप. कबूल केलं तर दंडच बसंल."

अर्ज घेऊन रखमाजी गेला तो थेट भिमाजी पाटलाकडे. आजवर सरकारात जे काही गेले ते पाटलाच्या हातून गेले. गुरे हरवली, बांध फुटला, साथ आली, सगळ्याला पाटील. नवा माठ पाटलाच्या ओसरीवर ठेवला आणि अर्ज त्याच्या हाती दिला. आता म्युनिसिपालिटी आणि पाटील यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हे पाटलाला ठाऊक होते. पण दारात आलेला माठ आणि पुढे वाकलेला माणूस पाहून ‘हे माझं काम न्हाई’ असे म्हणणारा पाटील अजून जन्माला यायचा आहे.

"ठेव. बघतो मी," भिमाजी पाटील म्हणाला आणि त्याने कागद आढ्याला खोचला.

त्यानंतर कुंभारवाड्यात सगळे निर्धास्त झाले. संक्रांतीच्या सुगडांचे दिवस होते. पहाटे उठून माती मळायची, दिवसभर चाक, संध्याकाळी थापटण्याने ठोकून मडक्यांना गोलाई द्यायची. आवे दिवस कलल्यावरच लागत होते आणि धूर मुकाट्याने नदीपार जात होता. कुणाची तक्रार नव्हती. रखमाजी तर म्हणू लागला, "पाटलानं मिटवलं असंल."

एकोणतिसाव्या दिवशी साळुबाई म्युनिसिपालिटीच्या कचेरीत पाण्याचा नवा माठ द्यायला गेली. कारकून कागदांना दोरा ओवत होता. तिने सहज विचारले, "दादा, आमच्या अर्जाचं काय झालं वो?"

"कसला अर्ज?"

"आव्याच्या हरकतीचा. भिमाजी पाटलाकडं दिलाय की म्हैना होत आला."

कारकुनाने दोरा खाली ठेवला. "पाटलाकडं? बाई, पाटलाचा काय संबंध? अर्ज इथं द्यायचा. माझ्याकडं. ह्या टेबलावर. आजवर एकही हरकत आलेली नाही. उद्या पाच वाजता मुदत संपते."

"तुमीच लिवून द्या ना मंग."

"मी घेणारा. मीच लिहिलं तर ओव्हरशियर माझी नोकरी घेईल." मग त्याला तिचा चेहरा बघवेना. तो म्हणाला, "कुणाकडूनही लिहून आणा. अक्षर कसंही असो. पाचाच्या आत आणा म्हणजे झालं."

साळुबाई तिथून जी निघाली ती पाटलाच्या वाटेला गेलीच नाही. आढ्यातला खोटा कागद आढ्यातच राहिला, हे एक बरेच झाले, असे तिला वाटले. पण लिहिणार कोण? कुळकर्णी केव्हाच परत गेलेला. शाळामास्तर म्युनिसिपालिटीचा नोकर, त्याला कारकुनासारखीच भीती. कुंभारवाड्यात तर अक्षर ओळखणारे एक माणूस नव्हते. चालता चालता ती दलीचंदच्या दाराशी आली आणि थांबली. महिनाभर ती ह्या दारासमोरून मान खाली घालून जात होती. आज तिला स्वतःचीच चीड आली आणि ती आत शिरली.

धापूबाई चौकात मूग निवडत बसली होती. शेजारी तिची सून, दलीचंदची बायको कंचनबाई.

"बाई," साळुबाई उभ्यानेच म्हणाली, "त्यो धूर आमचाच व्हता."

धापूबाईने मान वर केली नाही. "मला काय माहीत नव्हतं? मी गच्चीवर होते, साळू. तुझ्या नवऱ्याचं चुलीचं ऐकून मला राखेपेक्षा जास्त राग आला."

"चूक झाली. अमुशा लागायच्या आत म्हनून दुपारी लावला. एरवी आमी दिस कलल्यावर लावतो, तुमी बघता. तुमच्या पापडाचं वाईट वाटतं, लई वाईट वाटतं. पन आवा माळावर गेला तर आमी मेलो, बाई. गाढवांवर वीस न्हेली, पाच पोचली."

मग तिने सगळे सांगितले. माळ, खापरे, पाटील, उद्याचे पाच. सांगताना तिला रडू आले आणि रडू आल्याचा रागही आला. धापूबाईने सूप बाजूला ठेवले.

"माघात गुलाबचं लग्न. लग्नाआधी आमच्यात कुंभाराचं चाक पूजतात, ठाऊक आहे ना? माझ्या लग्नात पूजलं, दलीच्या लग्नात तुझ्या सासूनं हळदी-कुंकवाचं ताट धरलं होतं. आवा गेला की चाक जाणार. मग मी काय नवरीला घेऊन मुरमाच्या माळावर गाणी म्हणत फिरू? कंचन, दौत आण."

कंचनबाई घाबरली. सासूला रोज पोथी वाचून दाखवायची म्हणून ती लिहावाचायला शिकली होती, पण हे तसले लिहिणे नव्हते. "सासूबाई, नियम त्यांनीच मांडलाय. त्यांना कळलं तर?"

"कळू दे. त्याला मी वाढवलाय. लिही."

अर्जात दोनच गोष्टी होत्या. त्या दिवशी अमावास्या टाळण्यासाठी दुपारी आवा लावला, ती चूक आमची; एरवी दिवस कलल्यावर लावतो, तेव्हा धूर नदीवर जातो. आणि कच्चे मडके तीनशे वार जात नाही, खोटे वाटले तर येऊन पाहावे.

आता अंगठा हवा होता. साळुबाईने कागदातला मजकूर तोंडी सांगितला, तसा रखमाजी उठून उभा राहिला.

"आपल्याच हातानं आपलं नाक कापून सायबाच्या हातात द्यायचं? कुनी सांगितलं तुला ह्ये?"

"कुनी न्हाई. मीच."

"न्हाई द्यायचा मी अंगठा."

कोपऱ्यात म्हातारा कुशाबा, रखमाजीचा बाप, घोंगडीत बसला होता. त्याला दिसत नव्हते, पण मडके हातात दिले की बोटाने वाजवून धड की फुटके ते अजून सांगे.

"रखमा," तो म्हणाला, "चिरलेलं मडकं रंगवून इकता येतं. पर गिऱ्हाईक घरी जाऊन पानी भरतंच. दे अंगठा."

रखमाजी परत खाली बसला. मग त्याने अंगठा पुढे केला. अंगठ्याला माती होती, ती पुसायचे कुणाच्या लक्षात आले नाही. शाई आणि माती मिळून कागदावर एक तपकिरी ठसा उमटला. दुसऱ्या दिवशी साडेचारला साळुबाईने तो कागद कारकुनाच्या टेबलावर ठेवला आणि त्याने तारीख घालेपर्यंत ती हलली नाही.

पौषाच्या शेवटी सभा भरली. जुन्नरचे मामलेदार म्युनिसिपालिटीचे प्रेसिडेंट होते. हरकत एकच आली होती. ती वाचली गेली तेव्हा दलीचंदने अर्ज बघायला मागितला. त्याने कागद हातात घेतला, अक्षर बघितले, परत बघितले आणि घडी करून मामलेदारांकडे दिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"‘येऊन पाहावे’ म्हणतो हा," मामलेदार म्हणाले. "मग जाऊन पाहू. न पाहता नियम कशाला करायचा?"

पाहणी सकाळी नवाला ठरली. दलीचंदच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या. सगळे मेंबर, मामलेदार, मागे अर्धा गाव. दरवाज्याआडून धापूबाई. आवा रचून तयार होता. ओव्हरशियरने काठीला रुमाल बांधून निशाण केले होते. रुमाल नदीकडे फडफडत होता.

"रावसाहेब, वारा नदीकडे आहे," ओव्हरशियर म्हणाला. "आवा पेटवा. धूर घराकडे आला तर अर्ज खोटा."

रखमाजी चूड घेऊन उभा होता. साळुबाईने त्याचा हात धरला.

"सायेब, आत्ता नगं," ती म्हणाली. "दिस कासराभर वर आलाय. आत्ता वारा पडंल आन् मंग फिरंल. दिस कलल्यावर लावू."

"नऊची वेळ ठरली आहे," ओव्हरशियर म्हणाला. "वारा डोळ्यांनी दिसतोय. हिला काय कळतं?"

आजूबाजूचे हसले. साळुबाईच्या अंगाची लाही लाही झाली, पण आवाज चढू दिला नाही. "मंग आवा ऱ्हाऊ द्या. ह्यो ओल्या भुश्याचा ढीग घ्या. तुमच्या हातानं लावा, तुमच्या निशानावर."

मामलेदारांनी मान हलवली. ओव्हरशियरने काडी ओढली. धूर उठला आणि अगदी शहाण्यासारखा नदीकडे निघाला. ओव्हरशियरने सभोवार पाहिले. गावातल्या लोकांनी माना डोलावल्या. साळुबाई धुराकडे बघतच नव्हती. ती चिंचेच्या शेंड्याकडे बघत होती. शेंडा हलायचा थांबला. मग रुमाल काठीला चिकटला. धूर सरळ वर उभा राहिला, आणि मग नदीकडून एक झुळूक आली.

पुढले सांगायला शब्द कशाला? सगळा धूर ओसरीत. मामलेदारांनी उपरणे तोंडाला लावले. एक मेंबर खुर्चीसकट मागे पडला. ओव्हरशियर खोकत खोकत काठी उपटायला धावला, जसा काही दोष निशाणाचा होता. दरवाज्याआडून धापूबाईचे हसणे सगळ्यांनी ऐकले.

धूर ओसरल्यावर मामलेदारांनी डोळे पुसले आणि अर्ज काढला. "रखमाजी कुंभार कोण? हा अर्ज तुझा? कार्तिकातला धूर तुझा होता?"

सगळा गाव ऐकत होता. साळुबाईने काही बोलायला तोंड उघडले, पण रखमाजी पुढे झाला होता. त्याने डोक्याचे पागोटे काढून हातात घेतले.

"व्हय सायेब. माजाच. बाईंना चुलीचा म्हनलो, ते खोटं बोललो. ह्या माझ्या मानसानं नगं म्हनलं व्हतं, मी ऐकलं न्हाई. दंड करायचा तर करा. पर आवा हलवू नगा."

कुणी हसले नाही. दलीचंद खुर्चीवरून उठला आणि ओसरीच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"बाई, कधी लावू म्हणालीस?" मामलेदारांनी विचारले.

"सूर्य त्या चिंचेच्या शेंड्याखाली गेला म्हंजी."

मामलेदार त्या दिवशी जुन्नरला परत गेले नाहीत. दिवस कलला. सगळे पुन्हा जमले, या वेळी ओसरीत बसायला कुणी राजी नव्हते, तरी साळुबाई म्हणाली, "बसा की! तितंच बसा." डोंगराकडून गार वारा सुटला. रखमाजीने चूड लावली. पाचट तडतडले, पिवळा धूर उठला, सगळ्यांनी आधीच उपरणी नाकाला लावली. आणि धूर वाकला, नदीवर गेला, पाण्यावर पसरला आणि पलीकडच्या शेतांवर विरून गेला. ओसरीत पणती लावली असती तर तिची ज्योत आतून बाहेर झुकली असती. दलीचंदच्या पांढऱ्या सदऱ्यावर राखेचा कणसुद्धा नव्हता.

सभा तिथेच, आव्याच्या उजेडात, पुढे चालली. ओव्हरशियर म्हणाला, "वाऱ्याची अट घालू. पण प्रत्येक वेळी माझी परवानगी लागेल."

"तुम्ही रोज दिवेलागणीला इथं येणार?" मामलेदारांनी विचारले. "आणि सकाळी आलात तेव्हा काय झालं?"

तेव्हा दलीचंद बोलला. "रावसाहेब, मूळ ठराव माझा. दुरुस्तीही मीच मांडतो. वस्तीकडे वारा असताना कसब्याच्या हद्दीत कुणी मोठा जाळ करू नये. आवा, भट्टी, कचऱ्याचा ढीग, सगळ्यांना एकच नियम. आणि वारा कसा आहे, हे कुंभारवाड्यातल्या कुंभाराने सांगावं, त्याचं म्हणणं प्रमाण." मग जरा थांबून, घराकडे न बघता म्हणाला, "अक्षर चांगलं असलेल्या कुणाकडून तरी नीट लिहून घेऊ."

सात मेंबर होते, सात हात वर झाले. साळुबाईने ते हात मोजले. रखमाजीला मोजता आले नाहीत, त्याला समोरचे धड दिसत नव्हते, आणि तो म्हणत होता की धुराने.

माघात कंचनबाई, गुलाब आणि तीस-पस्तीस बाया वाजतगाजत कुंभारवाड्यात आल्या. धापूबाईने चाकाला कुंकू लावले, साळुबाईची ओटी भरली आणि रखमाजीच्या हातात नव्या पापडांची चवड ठेवली. "चुलीवर भाज," म्हणाली. सगळा कुंभारवाडा हसला आणि रखमाजी सगळ्यांत मोठ्याने हसला.

फाल्गुनात पुण्याहून मंजुरी आली. सावळारामने चौकाचौकांत दवंडी दिली. कुंभारवाड्यात आल्यावर त्याने उगाचच दोनदा ढोल बडवला आणि ‘कुंभाराचे म्हणणे प्रमाण’ हे वाक्य कुशाबाच्या कानाशी जाऊन सांगितले. म्हातारा म्हणाला, "पुन्हा सांग." सावळारामने पुन्हा सांगितले. मग चिमाजीने सांगायला लावले.

आठवड्याने, दिवस कलताना, सावळाराम परत आला. या वेळी ढोल नव्हता. तो चाकापाशी उभा राहिला आणि नुसता घोटाळला.

"काय रं?" साळुबाईने विचारले.

"ओव्हरशियरसायबांनी धाडलंय. बाजाराचा कचरा साठलाय, जाळायचाय. इचारलंय की..." सावळारामला हसू आवरेना. "इचारलंय की आज वारा कसा हाय, पेटवावा का?"

रखमाजीचे चाक थांबले. चिमाजी मातीतून बाहेर आला. साळुबाई उठली, पदराला हात पुसले, अंगणाच्या कडेला गेली आणि चिंचेकडे पाहत राहिली. डोंगराचा वारा सुटला नव्हता अजून. पानेसुद्धा हलत नव्हती. ती घाई न करता, पुरी खात्री होईपर्यंत, बघत उभी राहिली.

"आज नगं म्हनावं सायबांना," ती म्हणाली. "उद्या इचारायला या."